बँकेच्या लिलावातील घर : घेणाऱ्याने काय पाहावे, गमावणाऱ्याने काय करावे

कल्याणच्या पुढे रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक अंबरनाथ-बदलापूरमार्गे कर्जतकडे जातो, दुसरा आंबिवली-टिटवाळामार्गे कसाऱ्याकडे. मुंबईतील चाळी, झोपडपट्ट्या आणि सरकारी वसाहतींतून बाहेर पडलेल्या असंख्य कुटुंबांनी या दोन फाट्यांवर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर घेतले. त्यात आपल्या समाजातील कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. ही घरे बहुतांशी गृहकर्जावर उभी आहेत. नोकरी सुटली, घरात मोठे आजारपण आले, कमावता माणूस गेला की हप्ते थकतात आणि एक दिवस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'ताबा सूचना' छापून येते. काही महिन्यांनी त्याच घराची 'जाहीर लिलाव सूचना' येते.

त्या एका जाहिरातीत एका कुटुंबाचे घर जात असते, तर दुसऱ्या कुटुंबाला परवडणारे घर दिसत असते. दोन्ही बाजूंना आपल्यासारखीच माणसे असतात. म्हणून या लेखात दोघांसाठीही माहिती दिली आहे. आधी घर घेणाऱ्यासाठी, नंतर ज्याचे घर जात आहे त्याच्यासाठी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

अमेरिकेत कर्ज थकल्यावर बँक घर ताब्यात घेऊन विकते, त्याला 'फोरक्लोजर' म्हणतात. घराची किंमत कर्जापेक्षा कमी झाली आणि बँकेच्या संमतीने मालकाने ते तेवढ्यातच विकले, तर त्याला 'शॉर्ट सेल' म्हणतात. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा यूट्यूबवरून हे शब्द आपल्याकडे येतात आणि गोंधळ होतो.

कारण आपल्या बँकांत 'फोरक्लोजर लेटर' म्हणजे मुदतीआधी पूर्ण कर्ज फेडायचे असल्यास एकूण किती रक्कम भरावी लागेल ते सांगणारे पत्र. घर जप्त होण्याशी त्याचा संबंध नाही. जप्ती आणि लिलाव आपल्याकडे मुख्यतः २००२ च्या 'सरफेसी' कायद्याखाली होतो. 'शॉर्ट सेल' नावाची वेगळी तरतूद आपल्या कायद्यात नाही. तिच्या जवळ जाणारी वाट म्हणजे बँकेशी एकरकमी तडजोड आणि बँकेच्या लेखी परवानगीने कर्जदाराने स्वतः केलेली विक्री. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

लिलावापर्यंतचा प्रवास

घर घेणाऱ्यालाही हा क्रम माहीत हवा. यातली एखादी पायरी बँकेने चुकवली असेल, तर पुढे विक्रीच रद्द होऊ शकते.

१. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक थकला की कर्ज खाते 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक ठरते.

२. बँक कलम १३(२) खाली मागणी नोटीस देते. पूर्ण रक्कम भरण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते.

३. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते.

४. मुदत संपल्यावर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. ताबा सूचना घराच्या दारावर लावली जाते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. हा ताबा बहुतेक वेळा 'सांकेतिक', म्हणजे कागदोपत्री असतो.

५. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते.

६. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून 'राखीव किंमत' ठरते. पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या लिलावासाठी १५ दिवसांची नोटीस पुरते.

हा कायदा फक्त मोठ्या बँकांनाच लागू आहे असा समज अजून आढळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले की सहकारी बँकाही या कायद्याखाली वसुली करू शकतात. गृहवित्त कंपन्यांच्या जाहिराती तर रोज दिसतात. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. एक लाखापेक्षा कमी थकबाकीसाठीही तो वापरता येत नाही.

जाहिरात कशी वाचावी

लिलावाची जाहिरात एका ठरावीक साच्यात असते. तिच्यातले पुढील शब्द थांबून वाचावेत.

'प्राधिकृत अधिकारी' : बँकेच्या वतीने विक्री करणारा अधिकारी. बोलणे, पत्रव्यवहार, घर पाहण्याची वेळ हे सगळे याच्याशीच.

'राखीव किंमत' : याखाली विक्री होत नाही. मात्र ती बाजारभावापेक्षा कमी असतेच असे नाही. त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-२ काढून तुलना करा. तीन-चार वेळा लिलाव फसलेल्या घराची राखीव किंमत उतरत जाते. अशा वेळी ती का उतरली, हे विचारलेच पाहिजे.

'इसारा रक्कम' किंवा 'अनामत' : बोलीत भाग घेण्यासाठी आधी भरायची रक्कम. साधारणपणे ती राखीव किमतीच्या दहा टक्के असते. बोली हरल्यास ती परत मिळते.

'जसे आहे जेथे आहे, जे काही आहे तेथे आहे' : सगळ्या जाहिरातीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. घराची अवस्था, त्यावरील थकबाकी, मोजमापातील फरक, चालू असलेले वाद हे सगळे घेणाऱ्याच्या माथी आहेत, असे बँक येथे सांगत असते. 'आम्हाला माहीत नव्हते' हे नंतर ऐकून घेतले जात नाही.

'ताब्याचा प्रकार' : सांकेतिक की प्रत्यक्ष. यावर पुढे स्वतंत्र भाग आहे.

सरकारी बँकांच्या लिलावाची घरे 'बँकनेट' या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. आधीच्या 'ई-बिक्रय' व्यवस्थेची ही सुधारित आवृत्ती असून ती २०२५ च्या सुरुवातीला सुरू झाली. खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँकांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर आणि वर्तमानपत्रांत येतात.

स्टेशनबाहेरच्या कार्यालयात बसून 'बँकेतले साहेब ओळखीचे आहेत, लिलावाआधीच घर काढून देतो' असे सांगणारे दलाल या पट्ट्यात कमी नाहीत. एक साधा नियम पाळा. जाहिरातीत छापलेल्या बँक खात्याखेरीज कुठेही, कोणाच्याही हातात, एक रुपयाही द्यायचा नाही.

पैशांचे वेळापत्रक

नेहमीच्या खरेदीत टोकन, करार, कर्ज, ताबा असे दोन-तीन महिने मिळतात. लिलावात तसे नसते.

बोली जिंकल्यावर एकूण किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते. इसारा रक्कम यात धरली जाते. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही.

ही मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात संपूर्ण २५ टक्के रक्कम जप्त करणे कायदेशीर ठरवले. 'कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला' हे कारण सहसा चालत नाही. म्हणून कर्ज लागणार असेल तर बोलीच्या आधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्यावी आणि लिलावाच्या घरावर ती बँक कर्ज देते का, हे स्पष्ट विचारावे. अनेकदा लिलाव करणारी बँकच नव्या खरेदीदाराला कर्ज देते.

एक काल्पनिक हिशेब पाहू. कल्याण पूर्वेतील एका वन-बीएचकेची राखीव किंमत २४ लाख आहे आणि बोली २६ लाखांना सुटली असे समजू.

- इसारा रक्कम (१० टक्के) : २.४० लाख
- पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत : आणखी ४.१० लाख (म्हणजे एकूण ६.५० लाख)
- पंधरा दिवसांत : १९.५० लाख
- मुद्रांक शुल्क, ७ टक्के धरल्यास : १.८२ लाख
- नोंदणी शुल्क, १ टक्का : २६ हजार
- सोसायटीची जुनी थकबाकी, समजा : १.४० लाख
- सोसायटीचे हस्तांतरण शुल्क : २५ हजार
- विजेची थकबाकी, समजा : १८ हजार
- दुरुस्ती, समजा : १.५० लाख

एकूण ३१ लाख ४१ हजार. '२६ लाखांत मिळाले' असे आपण नातेवाइकांना सांगतो, पण खिशातून जवळजवळ साडेपाच लाख आणखी गेलेले असतात. तशाच घराचा बाजारभाव ३२ लाख असेल, तर एवढी जोखीम घेऊन हाती काय आले, हा विचार बोली लावण्याआधीच करायचा.

मुद्रांक शुल्क कोणत्या किमतीवर आणि कोणत्या दराने लागेल, हे मुद्रांक कार्यालयातून आधीच तपासून घ्या. दर शहरानुसार बदलतो. घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वरच्या हिशेबात ती २६ हजारांची होते. घरातल्या बाईच्या नावावर घर असण्याचे मोल मात्र त्याहून जास्त आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

ताबा : सांकेतिक आणि प्रत्यक्ष

ताबा प्रत्यक्ष असेल तर घराला बँकेचे कुलूप असते आणि पैसे भरल्यावर चावी मिळते. ताबा सांकेतिक असेल तर त्या घरात अजून कोणीतरी राहत असते. जुना मालक, त्याचे वृद्ध आईवडील, शाळेत जाणारी मुले किंवा भाडेकरू. विक्री प्रमाणपत्र हातात आले तरी खरेदीदाराला त्यांना स्वतः बाहेर काढता येत नाही. बँकेनेच कलम १४ खाली आदेश मिळवून प्रशासनाच्या मदतीने ताबा घ्यायचा आणि मग आपल्याला द्यायचा. कायद्यात आदेशासाठी ३० दिवस आणि फार तर एकूण ६० दिवसांची मुदत आहे. व्यवहारात मात्र आदेशापासून पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत बराच काळ जातो. तोवर आपला हप्ता सुरू झालेला असतो आणि भाड्याच्या घराचे भाडेही चालूच असते.

भाडेकरू असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. गहाणखताच्या आधीपासूनचा, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला खरा भाडेकरू सरफेसीखाली सहज निघत नाही. २०१६ च्या विशाल कलसारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले. २०१९ च्या बजरंग अगरवाल प्रकरणात न्यायालयाने हे संरक्षण कोणाला मिळते याच्या मर्यादा आखल्या. लेखी पुरावा नसलेल्या आणि ऐनवेळी उभ्या केलेल्या भाडेकरूंना ते मिळत नाही. घरात कोण राहते, कोणत्या हक्काने आणि कधीपासून, हे शेजारी आणि सोसायटीच्या सचिवांकडून समजून घ्या.

पहिल्यांदाच घर घेणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या कुटुंबाने सांकेतिक ताब्यातल्या घराच्या वाटेला न जाणेच बरे.

बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत कायदेशीर, असे नाही

या पट्ट्यात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण सगळ्यांनी ऐकले आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या या इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. तिथल्या रहिवाशांनी बँकांकडूनच कर्जे घेतली होती. म्हणजे बँकेच्या वकिलाने कागद तपासले, महारेराचा क्रमांक होता, तरीही इमारत बेकायदा निघाली. अशा इमारतीतला फ्लॅट लिलावात स्वस्त मिळाला, तर तो स्वस्त का आहे हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पुढील कागद स्वतः, थेट कार्यालयातून तपासा :

- बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. झेरॉक्सवर विश्वास नको. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात क्रमांक देऊन खात्री करा. गरज पडल्यास माहिती अधिकारात अर्ज करा.
- जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि बिगरशेती आदेश.
- मंजूर नकाशात तो मजला आणि तो फ्लॅट आहे का. वरचे एक-दोन मजले वाढीव असण्याचे प्रकार घडतात.
- इमारतीचे वय आणि संरचनात्मक तपासणी अहवाल. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात काही दिवसांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली होती. तीस वर्षांपुढच्या इमारतीत हा अहवाल पाहिल्याशिवाय बोली लावू नये.
- बदलापूर-वांगणी भागात उल्हास नदीची पूररेषा. २००५ आणि २०१९ चा पाऊस तिथल्या तळमजल्यावरच्या कुटुंबांना विसरता आलेला नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस याच पट्ट्यात पाण्यात अडकली होती.

मागच्या थकबाक्या

हप्ते थकलेल्या घराचे इतर पैसेही बहुधा थकलेले असतात. सोसायटीची देखभाल, पालिकेचा मालमत्ता कर, वीज, पाणी. लिलावाआधी सोसायटीकडून थकबाकीचा लेखी आकडा मागा. सोसायटी देत नसेल तर प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र लिहून तो मागवून घ्या.

विजेबाबत 'जुन्या मालकाचे बिल मी का भरू' हा प्रश्न हमखास येतो. मे २०२३ मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीजपुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल, तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देणे वैध आहे. 'जसे आहे जेथे आहे' या अटीवर घेतलेल्या घराला हे लागू पडते.

घराने आणखी कोणाचे कर्ज डोक्यावर घेतले आहे का, हेही पाहावे. त्यासाठी दोन शोध घ्यायचे. एक, वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध. दोन, 'सर्साई' या केंद्रीय नोंदवहीत गहाणाचा शोध. थोडे शुल्क भरून तो कोणालाही घेता येतो. एकच फ्लॅट दोन ठिकाणी गहाण ठेवल्याचे इथे कळू शकते.

वाद चालू आहे का?

बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येते. बोलीआधी त्या कर्जदाराच्या नावाने डीआरटीच्या संकेतस्थळावर प्रकरण शोधा. जाहिरातीत 'वाद प्रलंबित' असे असेल तर आदेशाची प्रत मागा. घटस्फोट, वारसाहक्क किंवा सहमालकाची सही नसल्याचा वादही असू शकतो.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून घर सोडवेल का, ही भीती खरेदीदाराला असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. खरेदीदाराला यामुळे स्थैर्य मिळाले. कर्जदाराचा वेळ मात्र त्याच निकालाने कमी झाला.

पूर्ण रक्कम भरल्यावर बँक 'विक्री प्रमाणपत्र' देते. हाच आपला मालकीचा मूळ कागद. त्यात घराचे वर्णन, क्षेत्रफळ आणि आपले नाव बरोबर आहे का, हे तिथेच बसून वाचा. त्यावर मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे नोंद करून घ्या आणि बँकेकडे असलेली जुन्या करारांची मूळ साखळी ताब्यात घ्या.

आडनाव आणि सोसायटी

घरांच्या खासगी बाजारात आडनाव, आहार, पूर्वीचा पत्ता विचारून व्यवहार मोडण्याचा अनुभव आपल्या अनेकांना आहे. लिलावाच्या पडद्यावर फक्त आकडा दिसतो, तिथे कोणी जात विचारत नाही. काही कुटुंबे याच कारणाने लिलावाकडे वळतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण घर घेतल्यावर सोसायटीच्या दारात तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहू शकतो. सदस्यत्वाचा अर्ज 'पुढच्या सभेत बघू' म्हणून लोंबकळत ठेवला जातो.

अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा कागद करावा. विक्री प्रमाणपत्राच्या प्रतीसह सदस्यत्वाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोसायटी पोच देत नसेल तर नोंदणीकृत टपालाने पाठवा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास उपनिबंधकांकडे अपील करता येते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. 'विकासनिधी'च्या नावाने लाखाची मागणी झाली तर ती लेखी मागा. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा आकडा खाली येतो.

तुमचे घर जाणार असेल तर

नोटीस आली की पुष्कळ कुटुंबे ती कपाटात ठेवतात. लाज वाटते, शेजाऱ्यांना कळू नये असे वाटते. नवरा बायकोला सांगत नाही, मुलगा आईला सांगत नाही. आणि या गप्प राहण्यातच ६० दिवस निघून जातात. कायद्याने दिलेली सगळी संधी मात्र याच सुरुवातीच्या दिवसांत असते.

१. हप्ता थकण्याआधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, काही महिन्यांची सवलत, कर्जाची पुनर्रचना या गोष्टी खाते एनपीए होण्याआधी सोप्या असतात. अर्ज लेखी द्या.

२. नोटिशीला लेखी उत्तर द्या. आकडा चुकीचा असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, विम्याची रक्कम वळती केली नसेल तर तारखांसह लिहा. कमावता माणूस गेला असेल तर गृहकर्जासोबत विमा काढला होता का, हे सर्वांत आधी तपासा. कित्येक घरांत त्याची पावती फायलीत पडलेली असते आणि कोणाला माहीत नसते.

३. घर स्वतः विका. लिलावापेक्षा सामान्य विक्रीत बहुधा चांगला भाव येतो. परंतु १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. म्हणून आधी बँकेला पत्र द्या, थकीत रकमेचा दाखला घ्या. मग खरेदीदार, बँक आणि तुम्ही असा तिघांचा व्यवहार करा. खरेदीदाराचे पैसे थेट कर्ज खात्यात जातात आणि बँक बोजा उतरवते. ज्याला घर हवे आहे त्याच्यासाठीही हा मार्ग लिलावापेक्षा सुरक्षित असतो. घर आतून पाहता येते, ताबा मालकाच्या हातून मिळतो.

४. एकरकमी तडजोड. घराच्या किमतीतून कर्ज फिटत नसेल तर बँक काही रक्कम सोडून तडजोड करू शकते. तो आपला हक्क नाही, बँकेचा निर्णय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तडजोड झाली तर 'उर्वरित रक्कम माफ' हे शब्द लेखी घ्या. सिबिलमध्ये असे खाते 'सेटल्ड' दिसते आणि पुढे काही वर्षे कर्ज मिळणे अवघड होते, हेही लक्षात ठेवा.

५. लिलाव झालाच तर हिशेब मागा. कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते. फार थोड्या लोकांना हे माहीत असते. उलट, लिलावातून कर्ज फिटले नाही तर उरलेली रक्कम बँक पुढेही वसूल करू शकते. घर गेले म्हणजे कर्ज संपले, असे नाही.

६. वसुली एजंटांची दांडगाई सोसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान यांची तक्रार आधी बँकेकडे करा. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

७. मोफत वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ती न्यायाधिकरणांतील प्रकरणांसाठीही आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा आहे. जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जातीच्या दाखल्यासह अर्ज करा.

दुसऱ्याचे गेलेले घर घ्यावे का?

हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जात नाही, पण मनात असतो. आपण बोली लावली नाही म्हणून ते घर वाचत नाही. दुसरा कोणी घेतो. बहुधा तो अशी दहा घरे घेऊन विकणारा गुंतवणूकदार असतो. उलट चांगली बोली लागली तर जुन्या कुटुंबावरचे कर्ज अधिक फिटते, कधी त्यांच्या हाती चार पैसेही उरतात. त्यामुळे घर घेण्यात गैर काही नाही. घेण्याची रीत मात्र आपल्या हातात असते. माणसे आत असताना दारात जाऊन दमदाटी करणे, वीज तोडायला लावणे, सामान बाहेर काढायला गुंड नेणे हे बेकायदा आहेच, शिवाय आपण कालपर्यंत कुठे राहत होतो हे विसरणेही आहे. सामान न्यायला आठ दिवस जास्त देणे, मुलांची परीक्षा संपेपर्यंत थांबणे, हे जमण्यासारखे असते.

बोलीआधी शेवटची उजळणी

- घर आतून पाहिले का? निरीक्षणाच्या दिवशी जाणकार गवंडी किंवा अभियंता सोबत होता का?
- ताबा प्रत्यक्ष आहे का?
- भोगवटा प्रमाणपत्राची पालिकेत खात्री केली का?
- तीस वर्षांचा शोध, सर्साई आणि डीआरटी, तिन्ही तपासले का?
- सोसायटी, मालमत्ता कर, वीज यांचे लेखी आकडे हाती आहेत का?
- २५ टक्के रक्कम आज खात्यात आहे का? उरलेल्या रकमेची लेखी मंजुरी आहे का?
- आपल्या बोलीची कमाल मर्यादा कागदावर लिहिली का?

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर तो लिलाव सोडून द्यावा. पुढच्या आठवड्यात आणखी जाहिराती येतातच. आणि त्या पानावर ओळखीचे नाव दिसले, तर बोली लावण्याचा विचार करण्याआधी त्या घरी एक फोन करावा. नोटिशीची मुदत किंवा मोफत वकिलाची तरतूद त्यांना बहुधा कोणी सांगितलेली नसते.